आरव्हीत (म्हणजे चाकांवरच्या घरात) राहून सीझनल काम करायचं म्हणताय, तर रोजचा दिवस असा असतो

तुम्ही विचारलंय की दोघंही साठीला टेकलोय, मुलं आपापल्या मार्गाला लागलीत, न्यू जर्सीतलं घर विकून फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकला जोडून ओढायचा, राहण्याचा मोठा ट्रेलर) घ्यायची आणि उन्हाळ्यात यलोस्टोन नॅशनल पार्क, ऑक्टोबरात साखरेच्या बीटची काढणी, थंडीत अ‍ॅरिझोना असं काम करत फिरायचं, तर रोजचं आयुष्य नेमकं कसं असतं आणि आपल्यासारख्यांना ते झेपतं का. व्हिडिओत डोंगर दिसतात पण कामाचे तास दिसत नाहीत असंही लिहिलंय तुम्ही, आणि ते अगदी खरंय. आम्ही नवराबायको बरीच वर्षं हेच करतोय त्यामुळे सगळं सविस्तर लिहिते, लांबेल, पण घर विकायच्या आधी पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की ही नोकरी आहे. फिरणं होतं, भरपूर होतं, पण ते आठवड्याच्या दोन सुट्ट्यांत आणि दोन सीझनच्या मधल्या फटीत. बाकीचे पाच दिवस तुम्ही कुणाचे तरी टॉयलेट साफ करताय, कॅश रजिस्टरवर उभे आहात, गवत कापताय किंवा ट्रकला हात दाखवताय. जे लोक "फिरायचं आणि जाता जाता थोडं काम" असं धरून येतात ते जुलैतच सोडून जातात, आणि सीझन मध्येच सोडला की पुढच्या ठिकाणी रेफरन्सला अडचण येते, कारण हे जग फार छोटंय आणि मॅनेजर लोक एकमेकांना फोन करतात.

दुसरी गोष्ट व्हिसाची, कारण आपल्या लोकांकडून हा प्रश्न दरवेळी येतो. सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर काही प्रश्न नाही. एच-१बीवर हे करता येत नाही, तो व्हिसा एका एम्प्लॉयरला बांधलेला असतो. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना "फक्त साइटच्या (गाडी लावून राहायच्या जागेच्या) बदल्यात थोडी मदत" म्हणून सुद्धा कामाला लावू नका, पैसे हातात आले नाहीत तरी साइट हा मोबदलाच धरला जातो. ग्रीन कार्डवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवायचं, पत्ता बदलला की १० दिवसांत इमिग्रेशनला एआर-११ भरून कळवावं लागतं, आणि फिरत्या आयुष्यात हे हमखास राहून जातं.

आता पैशाचा हिशोब, कारण नव्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. जाहिरातीत लिहिलेलं असतं "फ्री फुल हुकअप साइट", म्हणजे पाणी, वीज, सीवर तिन्ही जोडलेली जागा. आता समजा त्या साइटचं महिन्याचं भाडं ६०० डॉलर आहे आणि त्या बदल्यात दोघांनी प्रत्येकी आठवड्याला २० तास काम करायचंय. महिन्याचे झाले साधारण १७२ तास. भागाकार करा, तासाला साडेतीन डॉलर पण पडत नाहीत, आणि फेडरल मिनिमम वेज २००९ पासून ७.२५ डॉलर आहे, बऱ्याच राज्यांत तर त्याच्या कितीतरी वर. माझं मत स्पष्ट आहे, खाजगी आरव्ही पार्कमध्ये काम करायचं तर प्रत्येक तासाचा पगार घ्यायचा, मग साइटचं भाडं त्यातून कापलं तरी चालेल. कागदावर सगळे तास दिसतात, सोशल सिक्युरिटीत (सरकारी पेन्शनमध्ये) भर पडते, आणि कामावर इजा झाली तर तुम्ही एम्प्लॉयी आहात हे सिद्ध करत बसावं लागत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याने माणसांना "व्हॉलंटियर" म्हणून राबवणं तसंही फेडरल कायद्यात बसत नाही. आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सची तळी, वाइल्डलाइफ रेफ्युज, स्टेट पार्क इथे व्हॉलंटियर होस्ट (कॅम्पग्राउंडची देखभाल बघणारे) असतात ते वेगळं, तो सरळ सरळ सेवेचा मामला असतो, पगार नाही, तास कमी, जागा बहुधा सुंदर. पैशाची गरज नसेल तर मी तर म्हणेन सुरुवात तिथूनच करा.

कॅम्पग्राउंड होस्टचा दिवस कसा असतो सांगते. सकाळी सातला एक फेरी, कोण गेलं कोण राहिलं बघायचं, रिकाम्या साइटवरच्या फायर रिंगमधली राख काढायची, आणि ती काढायच्या आधी पाणी ओतून हाताची मागची बाजू वर धरून उष्णता लागते का बघायचं, वरून गार दिसणाऱ्या राखेत आत निखारा असतो आणि कचऱ्याच्या डब्यात गेला की डबा पेटतो. मग टॉयलेट आणि शॉवर, दिवसातून दोनदा, वीकएंडला तीनदा. दुपारी चेक-इनची गर्दी, त्यात बुकिंग एकाचं आणि साइटवर बसलाय दुसरा, चाळीस फुटी गाडी तीस फुटी जागेत घुसवणारे, लाकडाच्या मोळ्या विकणं, कुत्रा पट्ट्याशिवाय सोडलाय म्हणून तक्रार. रात्री दहाला क्वाएट अवर्स सुरू झाले की जनरेटर बंद करा सांगायला जायचं. आणि सुट्टीच्या दिवशी सुद्धा लोक तुमचं दार वाजवणार, कारण बाहेर "होस्ट" अशी पाटी आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आम्ही साइटवर थांबतच नाही, डबा भरून सकाळीच बाहेर पडतो. गुडघे दुखत असतील तर हे काम अवघड जातं, वाकणं फार आहे. त्यापेक्षा पार्कमधली दुकानं, रिझर्वेशन डेस्क ही कामं बरी, पण त्यात आठ तास उभं राहणं आहे. तुमच्या यजमानांची पाठ दुखते असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांच्यासाठी नाइट ऑडिट, म्हणजे हॉटेलच्या डेस्कवर रात्री दिवसभराचा हिशोब बघायचं काम शोधा, आणि बसून करता येतं का ते आधी विचारा.

यलोस्टोनबद्दल खास विचारलंय म्हणून. हॉटेलं आणि दुकानं पार्क सर्व्हिस स्वतः चालवत नाही, ती काँट्रॅक्टवर कंपन्या चालवतात आणि नोकरी तुम्हाला त्या कंपन्यांत मिळते. सीझन साधारण मे ते ऑक्टोबर. लेकजवळचा भाग ७,७०० फुटांच्या वर आहे, मे महिन्यात आणि सप्टेंबरात बर्फ पडणं ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे "उन्हाळ्याचं काम" म्हणून पातळ कपडे घेऊन जाऊ नका. पहिला आठवडा नुसतं चालताना धाप लागते, बीपीची औषधं चालू असतील तर जायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. अस्वलांमुळे फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडमध्ये कापडी भिंतीच्या पॉप-अपला परवानगीच नाही, पक्क्या भिंतीची गाडी लागते. बाहेर टेबलावर तेलाची बाटली, कुत्र्याचं खाणं, कूलर, काहीही ठेवून आत यायचं नाही, खरकटं तर नाहीच. अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड आणि गव्यांपासून २५ यार्ड लांब राहायचा नियम आहे, आणि कामाला पायी जाताना वाटेत गवा उभा असेल तर तो हलेपर्यंत थांबायचं, सुपरवायझरला हे कारण चालतं. मोबाइलला सिग्नल जेमतेम असतो, स्टारलिंक (सॅटेलाइटवरचं इंटरनेट) घेऊन जातात लोक, पण झाडं आडवी आली की तेही तुटत राहतं. मुलांना आधीच सांगून ठेवा की रोज फोन होणार नाही, नाहीतर ती तिकडे काळजीत बसतात.

स्वयंपाकाचं लिहिते, कारण हे इंग्रजी व्हिडिओंत कुठेच मिळत नाही. इतक्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन तास ठेवली तरी शिजत नाही, कुकर हवाच आणि शिट्ट्या नेहमीपेक्षा जास्त. छोटा तीन लिटरचा कुकर घ्या, मोठ्याला गॅसही जास्त लागतो आणि ठेवायला जागाही नसते. फोडणी आत दिली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि वास गादीत, पडद्यात, कामाच्या युनिफॉर्ममध्ये जाऊन बसतो, म्हणून मी तळण आणि फोडणी बाहेर इंडक्शनवर करते, आणि अस्वलांच्या भागात संपलं की लगेच सगळं पुसून आत. ज्वारीच्या भाकऱ्या होतात आत, फक्त खिडकी आणि वरचा पंखा चालू ठेवा. डाळी, पीठ, गोडा मसाला, शेंगदाणे हे सीझनभराचं वाटेत मोठ्या शहरात भरून घ्यायचं, यलोस्टोनला जाताना आम्ही सॉल्ट लेक सिटीत थांबतो. पोह्यांचा साठा कधीही जास्तच ठेवा, बारा तासांची शिफ्ट करून आल्यावर तेच एक होतं हातून.

आणि तेलकट भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवायची. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं, त्यात आपल्या रश्श्याचं तेल गेलं की आठवड्यात असा वास सुटतो की राहवत नाही. ब्लॅक टँक म्हणजे संडासाचा, त्याचा व्हॉल्व्ह सीवरला जोडलेला असला तरी बंदच ठेवायचा, पाऊण भरत आला की सोडायचा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट माल तळाशी साचून दगडासारखा होतो, मग तो काढायला माणूस बोलवावा लागतो आणि पैसे जातात ते वेगळेच. आधी ब्लॅक सोडायचा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे वेगळे, पाण्याचा होज वेगळा, पांढरा होज फक्त पिण्याच्या पाण्याला. हे काम दोघांनाही यायला हवं. बऱ्याच जोडप्यांत हे फक्त नवऱ्याला माहीत असतं आणि तो आजारी पडला की बाईची पंचाईत होते. तसंच ट्रेलर जोडणं, रिव्हर्स घेणं, ब्रेकर कुठाय, प्रोपेन कसा बंद करायचा, हे सगळं ताई तुम्ही स्वतः शिकून घ्या.

विजेचं गणित सोपं आहे पण सांगायला पाहिजे. ३० अँपच्या साइटवर मिळतात ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावलंत तर ब्रेकर पडणारच. ५० अँपला १२,००० वॉट मिळतात, तिथे प्रश्न नाही, पण कामगारांना दिलेल्या साइट बहुतेक वेळा मागच्या बाजूच्या, जुन्या, ३० अँपच्या असतात, म्हणून नोकरी घेताना हे विचाराच. चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि पाण्यासाठी प्रेशर रेग्युलेटर या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. जुन्या पेडेस्टलची (साइटवरच्या विजेच्या खांबाची) वीज कमीजास्त होऊन फ्रिजचा बोर्ड जाताना मी शेजाऱ्यांकडे बघितलंय, आणि पुढचा पार्ट यायला पर्यटनाच्या सीझनमध्ये तीन तीन आठवडे लागतात.

बीटचं जरा सविस्तर सांगते, मला स्वतःला ते काम आवडतं, आणि त्याबद्दल चुकीच्या कल्पनाही खूप आहेत. रेड रिव्हरच्या खोऱ्यात, नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर, साखरेचं बीट पिकतं. तिथली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ पासून बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे, आपल्या प्रवरानगर, वारणानगरवाल्यांना हे लगेच कळेल. क्रुकस्टन, ईस्ट ग्रँड फोर्क्स, मूरहेड, ड्रेटन, हिल्सबोरो असे पाच कारखाने. मुख्य काढणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालू होते आणि रात्रंदिवस चालते, हवा चांगली असली तर दोनेक आठवड्यांत उरकतं, नाहीतर लांबतं. शेतातून ट्रक येतात, पायलर नावाच्या अवाढव्य मशीनवर बीट ओततात, मशीन माती झाडून बीटाचा ढीग रचत जातं आणि झडलेली माती त्याच ट्रकमध्ये परत जाते. आपलं काम म्हणजे ट्रकला हात दाखवून जागेवर घेणं, साखरेचं प्रमाण तपासायला पिशवीत नमुना घेणं, तिकीट नीट लावणं, आणि पायलरखाली सांडलेली माती, बीटं फावड्याने काढणं. एका पिशवीवर चुकीचं तिकीट लागलं तर एका शेतकऱ्याच्या पैशात फरक पडतो, कारण भाव साखरेच्या प्रमाणावर असतो, म्हणून झोप आली असली तरी तिथे लक्ष हवंच.

शिफ्ट बारा तासांची. सुरुवातीचे तीन चार दिवस अंग असं दुखतं की पायऱ्या चढून ट्रेलरमध्ये शिरणं जड जातं, मग शरीर लागतं. वारा फार असतो, सपाट प्रदेश, अडवायला काही नाही, आणि रात्री शून्याच्या खाली जातं. कपडे थरांचे, बूट पूर्ण वॉटरप्रूफ आणि एक नंबर मोठे, दोन जोड पायमोजे, दोन जोड हातमोजे म्हणजे एक वाळत राहतो. चिखल इतका की ट्रेलरच्या दाराबाहेर एक टब ठेवायचा आणि बूट, ओव्हरऑल त्यातच काढायचे, आत आणायचे नाहीत.

मधेच काम थांबतं, ते का तेही समजून घ्या म्हणजे चिडचिड होत नाही. पाऊस पडला की ट्रक शेतात रुततात म्हणून बंद. खूप थंडी पडून बीट गोठलं की बंद. आणि गरम झालं तरी बंद, कंदाचं तापमान साधारण ५५ फॅरनहाइटच्या वर गेलं की काढणी थांबवतात, कारण कंद काढल्यावरही श्वास घेतच असतो, गरम माल ढिगात रचला की आतून अजून तापतो आणि सडतो. तो ढीग पुढे कित्येक महिने उघड्यावर, थंडीच्याच भरवशावर टिकवायचा असतो, त्यामुळे त्यांना धोका घेता येत नाही. थांबलेल्या दिवसांचा पगार काही ठिकाणी थोडा मिळतो, काही ठिकाणी शून्य. रुजू व्हायच्या आधी हे लेखी विचारून घ्या, आणि किती दिवस काम मिळेल याचा बजेटमधला आकडा नेहमी कमीतकमी धरा.

इथे दरवर्षी मला बीड, पाथर्डीकडची ऊसतोड माणसं आठवतात. तिकडे पण नवराबायकोची जोडीच धरतात, कोयता म्हणतात त्याला, आणि दिवाळीच्या सुमारास बैलगाडी, ट्रॅक्टर भरून निघतात, चार पाच महिने कोपीत राहतात, साखरेसाठीच. माझ्या आजोळी ऊस होता, लहानपणी फडात जायचो आम्ही, पण त्या कोपीत रात्री थंडी कशी काढत असतील हा विचार तेव्हा मनात आला नव्हता. आमची तुलना त्यांच्याशी होऊच शकत नाही. आम्हाला तासाचा पगार, ओव्हरटाइम, हीटर, आणि नको वाटलं तर निघून जायची मोकळीक. त्यांच्या डोक्यावर मुकादमाची उचल, हातात टनावर पैसे, आणि सोबत शाळा सुटलेली पोरं. आम्ही दोघांनी तेव्हापासून ठरवलंय, बीटच्या पगारातला एक भाग दरवर्षी तिकडच्या मुलांच्या शाळेसाठी जातो. तुम्ही या कामाला गेलात तर तुम्हालाही हे आठवल्याशिवाय राहणार नाही म्हणून लिहिलं.

थंडीत गाडी सांभाळणं हे एक स्वतंत्र कामच असतं. पाण्याचा होज रात्री काढून ठेवायचा आणि आतला फ्रेश टँक भरून पंपावर चालवायचं, किंवा तापणारा होज घ्यायचा. नुसत्या इलेक्ट्रिक हीटरवर भागवू नका, बऱ्याच गाड्यांत टँकच्या पोटाकडे गरम हवा गॅसवरच्या फर्नेसमधूनच जाते, वर तुम्ही उबदार आणि खाली पाइप गोठलेले असं होतं. फर्नेस चालू राहिला तर ३० पाउंडांचा सिलेंडर दोन तीन दिवसांत संपतो, म्हणून एक भरलेला कायम हाताशी, आणि संपतो तो नेहमी पहाटे तीनलाच. श्वासाची आणि कुकरची वाफ खिडक्यांवर, गादीखाली साचून बुरशी येते, छोटा डीह्युमिडिफायर घ्याच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तारीख बघून बदला, त्याला एक्स्पायरी असते.

दोघांचं एकत्र राहणं हा खरा प्रश्न आहे. तीस फुटांच्या डब्यात दोन माणसं, एक दिवस पाळीला आणि एक रात्र पाळीला असेल तर एकाची झोप आणि दुसऱ्याचा चहा यांची रोज टक्कर होते. म्हणून अर्ज करतानाच लिहायचं की दोघांना एकच शिफ्ट आणि एकाच दिवशी सुट्टी हवी. बहुतेक ठिकाणी देतात, जोडप्यांना घ्यायला त्यांनाही आवडतं कारण एका साइटमध्ये दोन माणसं मिळतात. पण एकाच खात्यात, एकमेकांच्या हाताखाली काम करू नका. दिवसभर त्याच माणसाच्या सूचना ऐकून रात्री त्याच्यासोबतच जेवायचं हे अवघड आहे, चांगली जोडपी त्यात तडकलेली पाहिलीत मी. आमच्याकडे एक नियम आहे, घरी आल्यावर पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही, हे बाहेर खुर्ची टाकून बसतात, मी आत. पावसात उलट.

शेजार मात्र फार चांगला मिळतो. इथे सगळ्या प्रकारची माणसं असतात, निवृत्त शिक्षक, नर्स, ट्रक ड्रायव्हर, आणि असेही खूप जण ज्यांना भाडं परवडत नाही म्हणून ट्रेलर हेच घर आहे, हौस नाही. त्यांच्यासमोर "आम्ही गंमत म्हणून करतो" असं कधी बोलू नका. कुणाच्या गाडीचं काही मोडलं की पाच जण हत्यारं घेऊन येतात, तुम्हीही जायचं. आपले सण नेमके गर्दीत येतात, गणपती सीझनच्या टोकाला आणि दिवाळी बीटच्या धामधुमीत नाहीतर तिथून निघायच्या वाटेवर. आम्ही छोटी शाडूची मूर्ती बसवतो, विसर्जन बादलीत, नॅशनल पार्कच्या तळ्यात किंवा नदीत काहीही सोडायचं नाही. उकडीचे मोदक कुकरमध्ये शिटी काढून होतात आणि शेजारच्या ट्रेलरमधले लोक पुढच्या वर्षी आठवणीने विचारतात.

थंडीत अ‍ॅरिझोनाचं तुमचं डोक्यात आहे ते चांगलंय. क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसाला सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परमिट काढून सलग राहता येतं, बाकीच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर साधारण १४ दिवसांची मर्यादा असते. साइटवर हुकअप नसतात, पाणी भरायची आणि टँक रिकामे करायची सोय असते, त्यामुळे सोलर आणि बॅटरी नीट असेल तर खर्च फारच कमी होतो. थंडीत एक सीझन तरी काम न करता काढा, शरीराला लागतं ते. गोदामातल्या ख्रिसमसच्या कामासाठी अ‍ॅमेझॉन आरव्हीवाल्यांना बोलवायची, तो कार्यक्रम आता बंद झालाय, जुने व्हिडिओ बघून त्याच्या भरवशावर राहू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. घर विकल्यावर कायमचा पत्ता लागतो, बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा घेतात, तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. पण काम केलेल्या राज्याचा टॅक्स भरावाच लागतो, वायोमिंगला नाही, नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाला आहे, तिथला नॉन-रेसिडेंट रिटर्न भरायचा. पक्कं घर नसलेल्या माणसाला प्रवासखर्चाची वजावट मिळत नाही, त्यामुळे डिझेलच्या पावत्या जमवून टॅक्स वाचेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गाडीचा विमा "फुल-टायमर" हवा, साधी आरव्ही पॉलिसी सुट्टीपुरती असते. ६२ ला सोशल सिक्युरिटी सुरू केलीत तर कमाईची मर्यादा लागते, २०२५ साली ती २३,४०० डॉलर होती, त्याच्या वर प्रत्येक दोन डॉलरमागे एक डॉलर अडकवतात, तो निवृत्तीचं पूर्ण वय झालं की पुढे हिशोबात धरतात पण आत्ता हातात येत नाही. ६५ च्या आतला आरोग्य विमा हा सगळ्यात अवघड भाग, मार्केटप्लेसचे (सरकारी विमा बाजारातले) प्लॅन तुमच्या पत्त्याच्या राज्याला बांधलेले असतात आणि बाहेर बऱ्याचदा फक्त इमर्जन्सी कव्हर करतात. आधी विमा कुठे चांगला मिळतो ते बघा आणि मग राज्य ठरवा, उलट करू नका. ६५ नंतर फिरत्या लोकांना ओरिजिनल मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) आणि सोबत मेडिगॅप (त्यातून उरलेला खर्च उचलणारा खाजगी विमा) बरं पडतं, नेटवर्कची भानगड नाही, आणि मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासूनच्या सहा महिन्यांत मेडिगॅप घेतलात तर तब्येतीवरून नाकारता येत नाही, ती खिडकी चुकवू नका.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा, घर विकायच्या आधी ते वर्षभर भाड्याने द्या आणि वापरलेला, दोन तीन वर्षांचा ट्रेलर घेऊन एक उन्हाळा करून बघा. टायरवरचा आठवडा आणि वर्षाचा चार अंकी शिक्का बघून घ्या, नक्षी नवी दिसली तरी सहा सात वर्षांचा टायर हायवेवर फुटतो, आणि सामान भरल्यावर ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करा. उन्हाळ्याची भरती डिसेंबर जानेवारीतच सुरू होते, मार्चमध्ये शोधायला लागलात तर उरलेलं मिळतं. फोनवर मॅनेजरला विचारा, आठवड्याला किती तास नक्की, साइटच्या बदल्यात किती आणि पगाराचे किती, वीज आणि प्रोपेन कुणाच्या खिशातून, सीझन लवकर संपला तर काय, आणि मागच्या वर्षीच्या कामगारांपैकी कुणाशी बोलता येईल का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ केली तर तिथे जाऊ नका. बोलणं झालं की सगळं ईमेलवर लिहून मागवा. बीटचा अर्ज उन्हाळ्यातच भरून ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी रुजू झाल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत आय-९ (कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) साठी मूळ कागद दाखवावे लागतात, पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड, फोटोकॉपी चालत नाही, तर ते न्यू जर्सीच्या बँक लॉकरमध्ये ठेवून निघू नका.